कांबळे सर सध्या गेल्या मंगळवारात आहेत

परवा माझ्या फोनने पुन्हा एकदा हात टेकले. 'स्टोरेज फुल्ल!' डिलीट करायला बसले, तर निम्म्याहून जास्त जागा एकाच ग्रूपने खाल्लेली. म्हटलं, काढून टाकू जुनं सगळं. वरून वाचायला घेतलं आणि तासाभराने सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "एकटीच काय हसतेस गं? बरी आहेस ना?"

किश्शांचं हे असंच असतं. घडतात तेव्हा कुणी लक्ष देत नाही आणि नंतर बघावं तर माळ्यावरच्या बरण्यांसारखे साठलेले. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. शेवटी मी सासूबाईंचे भजनाचे व्हिडिओ उडवले आणि हा ग्रूप ठेवला. त्यांना सांगू नका!

ग्रूपचं नाव 'कबुतर हटाव'.

सहा वर्षांपूर्वी बाल्कनीतल्या कबुतरांना वैतागून मी एका मोठ्या ऑनलाइन समूहावर लिहिलं होतं, 'उपाय सांगा.' धडाधड सल्ले आले. जाळी लावा, सीडी टांगा, प्लास्टिकचा कावळा बसवा. त्या सगळ्या गर्दीत चारच माणसं अशी निघाली, ज्यांच्याकडे उपाय काहीच नव्हता, नुसती तक्रार होती. त्यांच्याशी माझं लगेच पटलं. त्यांना घेऊन मी वेगळा ग्रूप काढला.

मी रेखा. अंधेरीला राहते, मरोळच्या एका प्रेसमध्ये औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापून घेण्याचं काम करते. जुईली बोरिवलीची, आमच्यात सगळ्यात लहान, घरून लॅपटॉपवर नोकरी करते. वनिताताई खारदांड्याच्या, मासळी विकतात. त्यांचे हात कायम ओले, त्यामुळे त्या टाईप करत नाहीत, व्हॉइस नोट पाठवतात. परब मुलुंडचे, मूळ मालवणकडचे, रंगाच्या कारखान्यातून रिटायर झालेले आणि घरी एकटे. आणि कुर्ल्याचे कांबळे सर. ते आयुष्यात कुणाचेच सर नव्हते, टेलिफोन एक्सचेंजमध्ये होते. पण पहिल्याच मेसेजात त्यांनी मला 'माननीय अ‍ॅडमिन महोदया' असं लिहिलं, तेव्हापासून ते सर झाले.

कबुतरांवर आम्ही सगळे मिळून दोन आठवडे बोललो असू. पुढे जेवण, औषधं, सिरियल, गुडघे, लिफ्ट आणि शेजारी.

कबुतरांवर सगळ्यात जास्त खवळलेले होते परब. "उद्या सकाळी घरटा उडवतंय! कोणाच्या बापाक भियणय नाय!" असा त्यांचा मेसेज आला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "उडवलंत का परब?" बराच वेळ उत्तर नाही. मग आलं, "दोन अंडी आसत."

पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा विचारलं. "पिल्लांका पिसां येवंदेत."

मग "उडूक शिकतत" असं आलं. मग पुन्हा दोन अंडी! याला सहा वर्षं झाली. आजच्या तारखेला परबांच्या बाल्कनीत कबुतरं राहतात आणि परब आपले कपडे बाथरूममध्ये वाळत घालतात. विचारलं तर अजूनही म्हणतात, "ही बॅच जाव दे, मगे बघ."

*

परबांचा दुसरा गुण म्हणजे ग्रूप सोडणं. काही लोकांना रागाने दार आपटायची सवय असते. ग्रूपला दार नाही, म्हणून परब ग्रूप सोडतात. मी अ‍ॅडमिन, त्यामुळे दर वेळी मीच त्यांना परत घ्यायचं.

भांडण ठरलेलं, कांबळे सरांशी. विषय बोंबील. परबांचं म्हणणं, बोंबील खावा तर ओला. कांबळे सर सोलापूरकडचे. त्यांचं म्हणणं, "ज्याने सुक्या बोंबलाची चटणी भाकरीवर घेऊन खाल्लेली नाही, त्याने या विषयावर मत देऊ नये." एवढ्यावर सहा वर्षं! मध्ये वनिताताईंनी निकाल द्यायचा प्रयत्न केला, "अवो, दोन्ही मीच विकते, दोन्ही खावा!" दोघांनी मिळून त्यांनाच गप्प केलं.

एकदा दुपारी असंच पेटलं आणि परब तरातरा निघून गेले. म्हणजे ग्रूपमधून. मी प्रेसवर होते, मशीनवर लेबलांचा रोल अडकलेला, फोनकडे बघायला फुरसत नव्हती. चार वाजता परबांचा फोन आला.

"रेखा, मी ग्रूप सोडलंय."

"हो का? कधी?"

"कधी म्हणजे? दीड वाजता! कोणी काय बोललो?"

मी बघितलं. कुणीच काही बोललं नव्हतं. जुईली मीटिंगमध्ये, वनिताताई बाजारात, आणि कांबळे सर... त्यांचं पुढे सांगते.

"परब, कुणी बघितलंच नाही हो."

 मग परब म्हणाले, "मगे माका परत घे."

"राग गेला?"

"राग खंय जाता? परत घे, परत सोडतंय! आता सगळी जागी आसत!"

मी घेतलं. त्यांनी सोडलं. या वेळी जुईलीने 'अरेरे' लिहिलं, तेव्हा कुठे त्यांच्या जिवाला बरं वाटलं. संध्याकाळी पुन्हा घेतलं.

*

वनिताताईंच्या व्हॉइस नोटमध्ये वनिताताई कमी आणि बाजार जास्त असतो. त्या बोलायला सुरुवात करतात आपल्याशी, मध्येच गिऱ्हाईक येतं, त्याच्याशी बोलतात, आणि बटण तसंच दाबलेलं.

जुईलीची एक मोठी ऑनलाइन मीटिंग होती. समोरचा क्लायंट पंधरा दिवस भाव पाडत होता. आज हो म्हणतो, उद्या पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशीही तेच चाललं होतं. तेवढ्यात जुईलीला ताईंची व्हॉइस नोट आली, आणि तिचा अंगठा पडला नेमका त्याच्यावर. माईक चालू, स्पीकर चालू!

"जुईली, बाय, जेवलीस का? आज काय ऊन हाय गं... ए दादा! तिसऱ्यांदा आलास तू! सकाळपास्नं नुसता हात लावून लावून मऊ केलास! घ्यायचा तर घे, नायतर हो बाजूला, मागे माणसं उभी हायेत!"

क्लायंट डोंबिवलीचा. त्याला शब्द न् शब्द कळला. जुईली सांगते, नोकरी गेलीच असं ती धरून चालली. स्क्रीनवर कुणी हालेना. मग क्लायंट घसा खाकरून म्हणाला, "ओके, ओके. आजच क्लोज करू."

मीटिंग संपल्यावर बॉसने तिला विचारलं, "वो मॅडम कौन थी? सेल्स में नई आई है क्या?"

जुईली म्हणाली, "नई नहीं सर, चाळीस साल का एक्सपीरियन्स है."

आम्ही ताईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग त्याने घेतला का शेवटी?"

"घेतला की!"

"माझ्यावाल्याने नाय घेतला," ताई म्हणाल्या.

*

आता कांबळे सर.

एक्सचेंजमध्ये सरांकडे तक्रारींची वही असायची. ज्याची तक्रार आधी, त्याचा फोन आधी दुरुस्त. साहेबाचा असो नाहीतर साहेबाच्या साहेबाचा. एकदा सरांच्या स्वतःच्या घरचा फोन बंद पडला, तर तोही नंबर येईपर्यंत बंदच राहिला. सरांच्या पत्नी खालच्या वाण्याच्या दुकानातून ऑफिसात फोन करून तक्रार करायच्या, आणि हे त्यांना सांगायचे, "आपला नंबर बासष्टावा आहे. धीर धरावा."

माणूस रिटायर झाला, सवय झाली नाही. सर ग्रूपवरचा प्रत्येक मेसेज क्रमाने वाचतात आणि प्रत्येकाला क्रमाने उत्तर देतात. एकही वगळत नाहीत. जुईलीने 'हम्म' लिहिलं तर त्याखाली 'बरं' असतं. तिचं मांजर एकदा कीबोर्डवरून चालत गेलं, तेव्हा जी काही अक्षरं उमटली, त्यावरही सरांनी 'समजले नाही, कृपया खुलासा करावा' असं लिहिलंय.

यात गोम अशी की सर एका बोटाने टाईप करतात आणि आम्ही चौघं दिवसभर बडबडतो. त्यामुळे सर मागे पडतात. आधी दोन तास मागे होते, मग एक दिवस, मग चार दिवस. त्यांचं उत्तर आलं की पहिला प्रश्न हा, की हे कधीचं? जुईलीने सोमवारी कुकर गॅसवर ठेवून घाईघाईत विचारलं होतं, "राजम्याला शिट्ट्या किती?" शुक्रवारी सकाळी उत्तर आलं, "सहा. आणि रात्रभर भिजवला आहे ना, ते आधी पाहावे."

परबांच्या भांडणाचंही त्यामुळे असं होतं, की परब सोमवारी तोफ डागतात, बुधवारी विसरतात, आणि गुरुवारी सरांचं उत्तर येतं. ते परबांना वाटतं नवीनच! मग परब पुन्हा पेटतात. आता तुम्हाला कळलं असेल, हे भांडण सहा वर्षं का संपत नाही ते. आणि परब ग्रूप सोडतात, ते सरांना कळतं तेव्हा परब दोन वेळा परत येऊन गेलेले असतात.

*

एका सोमवारी सरांनी लिहिलं, की पेन्शनच्या कामाला या आठवड्यात मरोळला येणं आहे. मी आपलं सहज टाकलं, "मग चहाला या ना घरी, सर! चारनंतर कधीही." पत्ताही टाकला. त्यावर काही उत्तर आलं नाही, आणि आलं नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवारी चार वाजता दाराची बेल वाजली. मी नेमकी त्या दिवशी कामावर अडकलेली. घरी सासूबाई, आणि त्या सकाळपासून फ्रीजवाल्या मेकॅनिकची वाट बघत बसलेल्या. दारात एक सद्गृहस्थ. इन केलेला शर्ट, खिशाला पेन, हातात छोटी बॅग.

"किती उशीर! या, आत या. हा बघा, थंडच होत नाही," सासूबाई म्हणाल्या.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, की बाई, मी तो नव्हे. पण समोरच्याने तक्रार सांगितली की ती ऐकून घ्यायची, हे सरांच्या रक्तातच. त्यांनी फ्रीज पुढे ओढला. मागचा प्लग सैल झाला होता. बॅगेतून स्क्रू ड्रायव्हर काढून तो घट्ट केला. (पेन्शनच्या कामाला जाताना स्क्रू ड्रायव्हर कशाला, हे मी अजून विचारलेलं नाही.) सासूबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आता आलाच आहात तर गीझरही बघून टाका." सरांनी गीझरही बघितला.

संध्याकाळी खरा मेकॅनिक आला, तेव्हा उलगडा झाला. मी सरांना फोन केला. लाजेने नुसतं मेल्यासारखं झालं होतं मला. "सर, निदान कळवायचं तरी! एक मेसेज टाकला असतात तर?"

सर म्हणाले, "बोलावणं आलं की जायचं असतं, रेखाताई. त्याला उत्तर काय टाईप करायचं?"

आणि फोन ठेवता ठेवता, "चहा मात्र राहिला."

*

एकदा ठरलं की प्रत्यक्ष भेटायचं. घाटकोपरला स्टेशनजवळच्या एका हॉटेलात, कारण घाटकोपर सगळ्यांनाच सारखंच गैरसोयीचं. पाचही जण आलो. नमस्कार झाले, डोसे मागवले, आणि सगळे गप्प! रोज एकमेकांचे गुडघे विचारणारी माणसं, पण समोरासमोर बसल्यावर एकाच्या तोंडून शब्द फुटेना. वनिताताई साडीच्या पदराशी चाळा करत होत्या. परब छताकडे बघत होते.

शेवटी परबांनी खिशातून फोन काढला. माझ्या पर्समध्ये टिंग झालं. 'चटणी आंबट आसा.'

जुईलीने लिहिलं, 'सांबार पण.' मी लिहिलं, 'पंखा लावायला सांगा कुणीतरी.' आणि मग जी काय बहार आली! तासभर आम्ही खाली माना घालून खदखदत होतो. वनिताताई तोंडाशी फोन धरून आमच्या समोरच आम्हाला व्हॉइस नोट पाठवत होत्या आणि आम्ही ती कानाला लावून ऐकत होतो. कांबळे सर मात्र मागच्या शनिवारच्या मेसेजांना उत्तरं देत होते.

मध्येच आम्ही सगळे थकून क्षणभर थांबलो. सगळ्यांच्या माना खाली, डोळ्यांत हसून हसून पाणी. वेटर जवळ आला, ग्लास भरले आणि हळूच मला विचारलं, "मॅडम, घर में कोई ऑफ हो गया क्या?"

*

आणि आता शेवटचं.

यंदा एका शुक्रवारी सरांचं उत्तर आलं. जुईलीने आठवडाभर आधी विचारलं होतं, "रविवारी कोण कोण फ्री आहे?" त्याखाली सरांनी लिहिलं, "मी नाही. माझी बायपास आहे."

आम्ही उडालोच. बायपास! आणि कुठल्या रविवारी? झालेल्या की येणाऱ्या? मी घाबरून फोन लावला. सरांच्या मुलीने उचलला. बायपास परवा होती. बाबा सकाळपासून फोन घेऊन बसलेत, म्हणाली, ऑपरेशनच्या आधी पेंडिंग संपवायचं म्हणतात. ती आता फोन काढून घेणार होती.

रविवारी सकाळी आम्ही चौघंही सहा वाजल्यापासून जागे. वनिताताईंची व्हॉइस नोट आली. पहिल्यांदाच तिच्यात बाजार नव्हता. "सर, मी देवीला नारळ बोललीय. तुमी घाबरू नका." जुईलीने लिहिलं, "सर, लवकर या." मी लिहिलं, "चहा राहिलाय, लक्षात आहे ना?" मला खरंच भीती वाटत होती. प्रत्यक्ष एकदाच भेटलेल्या माणसासाठी जीव इतका टांगणीला लागतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

आणि सहा वाजून बारा मिनिटांनी परबांचा मेसेज आला.

'कांबळ्या, गप बरो होवन ये. तुझ्याशी भांडल्याशिवाय माका घास गिळणा नाय. घरात दुसरा बोलूक कोण आसा? बरो झालंस काय एका बुधवारी घराक जेवक ये. लिफ्ट चालू आसा, जिने चढूक नको.'

आम्ही तिघींनी वाचलं. परबांना असं लिहिताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. जुईलीने खाली नुसता हात जोडल्याचा इमोजी टाकला.

ऑपरेशन झकास झालं. संध्याकाळी मुलीने तसं कळवलं आणि सांगितलं, की डॉक्टरांनी तीन आठवडे फोन बंद केलाय. परबांचा लगेच मला फोन. "तो मेसेज मी काढून टाकलंय हां. सकाळी झोपेत लिवलंय तो. कोणाक सांगू नको."

मी म्हटलं, बरं. पुढचे तीन आठवडे परब मजेत. रोज सकाळी कबुतरांना शिव्या, दुपारी डाळीला नावं. पण ग्रूप एकदाही सोडला नाही. सोडणार कुणासाठी?

तीन आठवड्यांनी सरांना फोन परत मिळाला, दिवसाला फक्त एक तास. आणि सरांनी जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरुवात केली. म्हणजे त्या शुक्रवारी फोन जाईपर्यंत जिथवर मजल मारली होती तिथून, ऑपरेशनच्या चार दिवस आधीपासून. आम्ही ठरवलं की सर गाठेपर्यंत कुणी एक अक्षर लिहायचं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा ग्रूप शांत झाला. रोज अकरा ते बारा नुसती सरांची उत्तरं पडायची. 'बरं.' 'छान.' 'वनिताताई, पापलेट एवढं महाग होऊ नये.' 'बरं.'

जुईली परबांना फोनवर सहज म्हणाली, "काका, सर आता ऑपरेशनच्या रविवारपर्यंत पोचतील. तुमचा मेसेज वाचून त्यांना काय वाटेल ना!"

"खयचो मेसेज? तो मी डिलीट केलंय!"

"तुमच्या फोनमधून डिलीट केलाय तुम्ही. आमच्या सगळ्यांकडे आहे."

झालं! परबांनी 'डिलीट फॉर मी' दाबलं होतं. जगात तो मेसेज फक्त एकाच माणसाला दिसत नव्हता, ते म्हणजे परब!

त्यांची जी वाट लागली ती विचारू नका. "रेखा, तू अ‍ॅडमिन ना? काढ तो!"

"आता नाही निघत हो, परब. त्याची मुदत गेली."

"मगे त्याका फोन करून सांग, रविवार सोड आणि सोमवार वाच!"

"कांबळे सरांना सांगू? मधलं सोडा म्हणून?"

 परब एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "तो हसात गो माका. सहा वर्षां मी त्याका शिवी देतंय आणि आता बघ, काय लिवन बसलंय. उद्यापासून भांडाचा नाय तो माझ्याशी. माझी कीव करीत. मगे मी काय करू?"

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्यानंतर रोज बारा वाजता फोन. "आज खंय पोचलो?" "गुरुवार दुपार." दुसऱ्या दिवशी, "शुक्रवार." मग, "शनिवार संध्याकाळ, परब." परब म्हणाले, "माका जेवण जाणा नाय."

मंगळवारी अकरा वाजता सर रविवारात शिरले. मी लेबलांचं काम बाजूला ठेवून फोन धरून बसले. वनिताताईंना उत्तर, "नारळ फोडलात का? प्रसाद ठेवावा." जुईलीला, "आलो." मला, "लक्षात आहे. साखर बंद आहे." आता परब. एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. पुढचं उत्तर पडलं. ते परबांना नव्हतं. त्याच्या खालच्या, जुईलीच्या जोडलेल्या हातांना होतं. 'बरं.'

वगळला! 'हम्म' न वगळणाऱ्या माणसाने परबांचा अख्खा मेसेज वगळला!

स्क्रीनवर 'परब टाईप करत आहेत' असं दिसायला लागलं. ते अकरा मिनिटं दिसत होतं. मग आलं, "कांबळ्या! सहा वर्षां तू मांजराक उत्तर दिलंस! ह्या पोरीच्या हातांक उत्तर दिलंस! माझोच मेसेज तुका दिसलो नाय?"

आणि खाली: परब यांनी ग्रूप सोडला.

मी त्यांना घेतलं. त्यांनी पुन्हा सोडला. मी पुन्हा घेतलं. मग त्यांनी फोनच बंद केला. सर आपले ओळीने पुढच्या सोमवाराला उत्तरं देत गेले, आणि बारा वाजता थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला परबांचा फोन आला. धापा टाकत कुजबुजत होते. "रेखा! तो इलो हा!"

"कोण?"

"कांबळे! वॉचमनान फोन केल्यान. खाली पार्किंगात उभो आसा, लेक रिक्षान सोडून गेली. म्हणता, 'बुधवारी जेवायला बोलावलंय!'"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आज बुधवार होता.

"मग वर घ्या ना त्यांना!"

"कसो घेव? लिफ्ट बंद आसा! त्याका तसा सांगलंय, तर वॉचमनाक म्हणता, 'लिफ्ट चालू आहे असं माझ्याकडे लेखी आहे!'"

"घरात जेवायला काय आहे?"

"बांगडो नाय, कोळंबी नाय! कुळथाची पिठी आणि भात!"

"तेच घेऊन जा खाली."

परब तीन मजले उतरले. एका हातात पिठीचं पातेलं, दुसऱ्या हातात भाताचं, काखेत ताटं. पुन्हा वर चढले, पाणी आणि लोणचं घेऊन उतरले. लोणचं सरांना चालत नाही असं कळलं, म्हणून ते वर ठेवून आले. वॉचमनने दोन प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या आणि एका स्कूटरच्या सीटवर पातेली ठेवली. हे मला वॉचमननेच सांगितलं, कारण परबांनी गडबडीत फोन चालूच ठेवून त्याच्या हातात दिला होता. मी विचारलं, "काय बोलतायत दोघं?" तो म्हणाला, "काही नाही मॅडम. नुसते जेवतायत."

मी ग्रूपवर सगळ्यांना सांगितलं. वनिताताईंची व्हॉइस नोट आली, कडाडून. "मेल्यांनो, मासळीसाठी मला एक फोन करता येत नव्हता?"

एक वाजता सरांचं उत्तर पडलं, फोनचा आजचा तास त्यांनी जेवणानंतरसाठी राखून ठेवला होता. परबांच्या त्या रविवारच्या मेसेजखाली, अगदी नेमकं त्याच्याच खाली.

"जेवलो. पिठीत मीठ कमी होतं. आणि सुक्या बोंबलाची चटणी असती तर भागलं असतं."

अर्ध्या मिनिटात: परब यांनी ग्रूप सोडला.

मी फोन टेबलावर ठेवला, तर लगेच वाजला. कांबळे सर.

"रेखाताई, परबांना परत घ्यावे."

"सर, ते तुमच्या शेजारीच आहेत ना?"

"हो, शेजारच्या खुर्चीत. त्यांनी आता सोडला, पण मला तिथपर्यंत पोचायला अजून पंधरा दिवस आहेत. ते म्हणतात, परत घ्या, कांबळ्याच्या डोळ्यांसमोर सोडायचाय."